टक्कलावरील इलाज आणि खिशाचा हिशेब

सलूनच्या खुर्चीत बसलेले गिऱ्हाईक आरशासमोर मान खाली घालते, टाळूवरून बोट फिरवते आणि हळूच विचारते, "चाचा, यावर काही इलाज आहे का?" आपल्या सलूनवाल्या बांधवांना हा प्रश्न दिवसातून दोन-चार वेळा तरी ऐकावा लागतो. अत्तर-तेलाच्या दुकानदारालाही तो विचारला जातो आणि मेडिकल स्टोअरवाल्यालाही. विचारणाऱ्याला घाई असते आणि उत्तर देणाऱ्याच्या फळीवर कोणती ना कोणती बाटली असतेच. सौदा पटकन होतो. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक तेच असते, टक्कल मात्र थोडे अधिक रुंद झालेले असते.

काही दिवसांपूर्वी मालेगावला एका परिचिताच्या सलूनमध्ये बसलो होतो. सुताच्या एका व्यापाऱ्याचा २७ वर्षांचा मुलगा तेथे आला. लग्न ठरलेले, म्हणून स्वारी चिंतेत. मोठ्या शहरातील एका केसांच्या केंद्रात त्याने ४५ हजार रुपयांचे 'पॅकेज' घेतले होते. सहा महिने तो दर पंधरवड्याला बसने जाऊन येत होता. डोक्यावर काय लावले, कोणती सुई टोचली, याचा एक कागदही त्याच्याजवळ नव्हता. घरी लावायला दिलेल्या बाटलीवर केंद्राचे नाव तेवढे छापलेले, आतल्या औषधाचे नाव नाही. मी त्याला विचारले, "तू गिरणीकडून सूत घेतोस तेव्हा काउंट न विचारता, बिल न घेता घेतोस का?" तो ओशाळून हसला. हा लेख त्या हसण्यावरून सुचला.

टक्कलाचा बाजार फार मोठा आहे आणि आपली मंडळी त्यात दोन्ही बाजूंनी आहेत. काही जण विकणारे, काही घेणारे, बरेच जण दोन्ही. म्हणून कोणत्या इलाजाचा गुण खरोखर सिद्ध झालेला आहे, त्याला किती काळ लागतो आणि एकूण किती पैसे जातात, हे दोघांनाही ठाऊक असलेले बरे.

केस जातात ते का?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस येतो. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण होय. उशीवर चार केस दिसले म्हणून दवाखाना गाठण्याचे कारण नाही.

पुरुषांचे नेहमीचे टक्कल वेगळे. त्यात केस नुसता गळत नाही, तर मूळच आक्रसत जाते. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन याचे शरीरात एका विकराच्या साह्याने डीएचटी नावाच्या अधिक तीव्र द्रव्यात रूपांतर होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंची आणि टाळूवरची मुळे ज्यांच्या बाबतीत जन्मतः या द्रव्याला नाजूक असतात, त्यांचे केस प्रत्येक फेरीत अधिक बारीक व आखूड येऊ लागतात. शेवटी नुसती लव उरते. डोक्याच्या मागची व कानांवरची मुळे मात्र या द्रव्याला दाद देत नाहीत. अगदी गुळगुळीत टक्कल पडलेल्या माणसाच्याही मागे केसांची झालर राहते ती यामुळेच.

अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवून दिले होते की, ज्या पुरुषांचे वृषण लहानपणीच निकामी झाले त्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांना हे संप्रेरक टोचले तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे संप्रेरक आणि वारसा, दोन्ही लागतात. वारसा केवळ आईच्या घराण्याकडून येतो हा समजही अर्धवट आहे. तो दोन्हीकडून येतो.

टोपी घातल्याने टक्कल पडते, असे आपल्याकडे अनेक तरुण मानतात. त्यात तथ्य नाही. मुळाला हवा बाहेरून लागत नाही, रक्तातून मिळते. वारंवार वस्तरा फिरवला की केस दाट येतात हीदेखील समजूतच. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला जाड लागतो, हे आपले सलूनवाले बंधू कोणत्याही डॉक्टरपेक्षा चांगले जाणतात. केस ओढून ओढून घट्ट वेणी किंवा अंबाडा घालण्याची सवय मात्र कपाळाजवळचे केस कायमचे घालवू शकते. घरातील मुलींना हे अवश्य सांगावे.

आधी दुखणे ओळखा

सगळी केसगळती म्हणजे टक्कल नव्हे. बहुतेक पैसा फुकट जातो तो येथेच.

टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, एकदम वजन उतरवणे, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात. माणूस घाबरतो आणि तेल बदलतो. वस्तुतः शरीराने संकटकाळी पुष्कळ केसांना एकदम विश्रांतीला पाठवलेले असते. कारण दूर झाले की साधारण सहा महिन्यांत ही गळती बहुधा आपोआप थांबते आणि केस परत येतात. त्या काळात जे तेल डोक्यावर असेल त्याला श्रेय मिळते. दुकानदार शपथेवर सांगतो की, अमक्याचे केस माझ्या तेलाने आले. तो खोटे बोलत नसतो, पण तेलाचा त्यात हात नसतो. तेच तेल मग खऱ्या टक्कलवाल्याला विकले जाते आणि तेथे ते चालत नाही. बाजारातील निम्म्या 'अनुभवी' तेलांची कीर्ती अशीच तयार झाली असावी, असे मला वाटते.

रक्त कमी असणे, लोह कमी असणे, थायरॉइडचा बिघाड यांनीही केस विरळ होतात, विशेषतः स्त्रियांचे. साध्या रक्ततपासणीत हे कळते आणि त्याचा इलाज स्वस्त आहे. पाळी अनियमित असून चेहऱ्यावर लव वाढत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. स्त्रियांना वारशाचे टक्कलही होते. त्यात भांग रुंद होत जातो, कपाळावरची केसांची रेषा बहुधा टिकून राहते. रुपयाएवढा गोल चट्टा एकाएकी गुळगुळीत होणे, ज्याला आपण चाई म्हणतो, ते तर निराळेच दुखणे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मुळांवर उलटते. त्याची औषधे वेगळी आहेत. गजकर्णाची बुरशी डोक्यात शिरली, विशेषतः लहान मुलांच्या, तर तिसरेच औषध लागते.

आपल्या महाराष्ट्रातच डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत माणसांचे केस थोड्या दिवसांत हातात येऊ लागले. पुरुष, बायका, मुले, कोणीच सुटले नाही. प्रथम पाण्यावर आणि शाम्पूवर संशय गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अधिक प्रमाणाकडे बोट दाखवले. अशा वेळी केसांचे तेल विकणाऱ्याकडे जाऊन काय उपयोग? प्रश्न पोटात जाणाऱ्या धान्याचा होता.

तेव्हा पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञाच्या एका भेटीचा करावा. शक्य असेल त्याने सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढावा. तेथे हेच निदान नाममात्र पैशांत होते.

दोन औषधे

वारशाच्या टक्कलावर आज भक्कम पुरावा असलेली औषधे मुख्यतः दोनच आहेत, आणि गंमत अशी की ती दोन्ही केसांसाठी शोधलेली नव्हती.

पहिले मिनॉक्सिडिल. ही मुळात रक्तदाबाची गोळी. अमेरिकेत १९७९ मध्ये ती बाजारात आली. घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले, तेव्हा कंपनीने त्याचा लेप करून पाहिला. १९८८ मध्ये तेथील औषध खात्याने २ टक्क्यांच्या द्रावणाला टक्कलासाठी मान्यता दिली. १९९६ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळू लागले आणि १९९७ मध्ये पुरुषांसाठी ५ टक्क्यांचे आले. ते मुळाची वाढीची फेरी लांबवते आणि बारीक झालेला केस थोडा जाड करते. टाळूवर त्याचा गुण चांगला, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी. जेथे पूर्ण गुळगुळीत झाले आहे तेथे ते काहीच करत नाही.

लावण्याची रीत महत्त्वाची आहे. कोरड्या टाळूवर, केसांवर नव्हे तर कातडीवर, दिवसातून दोनदा एक-एक मिलीलीटर. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्तच गळतात. जुने विश्रांतीतले केस ढकलले जाऊन नवे येण्याची ती तयारी असते. येथेच निम्मे लोक घाबरून औषध सोडतात आणि बाटलीला शिव्या देतात. गुण दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात. काहींना खाज सुटते, कपाळावर ओघळल्यास तेथे लव येते. हृदयाचा आजार असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. अलीकडे काही त्वचारोगतज्ज्ञ हेच औषध अगदी कमी मात्रेच्या गोळीच्या रूपात देतात. त्याने पायांवर सूज, धडधड असे त्रास होऊ शकतात, म्हणून ती गोळी आपल्या मनाने घेण्याची नव्हे.

आता हिशेब. दिवसाला दोन मिलीलीटर म्हणजे ६० मिलीलीटरची बाटली महिनाभर. समजा बाटली ६०० रुपयांची धरली, तर वर्षाचे ७,२०० आणि दहा वर्षांचे ७२ हजार. दहा वर्षे कशाला? कारण औषध सोडले की तीन-चार महिन्यांत त्याने टिकवलेले केस परत जातात. ही एकदाची खरेदी नाही, हे दुकानाचे भाडे आहे. ज्याला दरमहा भाडे भरणे जमणार नाही त्याने करार करू नये. ज्याला जमेल त्याने एकाच कंपनीच्या महागड्या डबीला चिकटून राहण्याचे कारण नाही. तेच द्रावण, तीच टक्केवारी स्वस्त नावानेही मिळते. लेबलवर औषधाचे मूळ नाव वाचावे म्हणजे झाले.

दुसरे औषध फिनास्टराइड. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात काही कुटुंबांत वर सांगितलेला विकर जन्मतःच कमी असतो, असे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही. यावरून विकर रोखणारी गोळी निघाली. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची प्रोस्टेटसाठी आणि डिसेंबर १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची टक्कलासाठी अमेरिकेत मान्य झाली. पाच वर्षांच्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणांचे केस आहे तसे राहिले किंवा सुधारले. नुसती पिठाची गोळी घेणाऱ्या चौघांपैकी तिघांचे मात्र आणखी गेले. केस टिकवण्यात हिचा पुरावा द्रावणापेक्षाही मजबूत आहे. हिचा गुणही सोडली की वर्षभरात जातो.

पण ही गोळी खेळण्याची वस्तू नाही. थोड्या पुरुषांत कामेच्छा व ताकद कमी होते. बहुतेकांत गोळी सोडल्यावर ती परत येते, तथापि काहींनी त्रास नंतरही राहिल्याचे सांगितले आहे. मन खिन्न होण्याची तक्रारही आहे. युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. ज्याला आधीच नैराश्य आहे त्याने डॉक्टरला ते उघड सांगावे, लाजू नये. पन्नाशीच्या पुढच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. या गोळीने प्रोस्टेट कॅन्सरसाठी होणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो. डॉक्टरला सांगितले नाही तर रोग असूनही आकडा ठीक वाटेल. गर्भवती स्त्रीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, पोटातील मुलग्याच्या अवयवांच्या वाढीला त्यापासून धोका असतो. मेडिकलवाल्या बांधवांना विनंती की, ओळखीचे गिऱ्हाईक असले तरी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही पट्टी देऊ नये.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. स्वतःचे रक्त काढून ते यंत्रात फिरवून डोक्यात टोचण्याची पीआरपी नावाची पद्धत सध्या जोरात आहे. काहींना फायदा दिसतो, पण रक्त किती वेळा फिरवायचे, किती टोचायचे याचे एक माप ठरलेले नाही, त्यामुळे दवाखान्यागणिक माल निराळा. वर दरवर्षी पुन्हा टोचावे लागते ते वेगळेच. लेझरचा कंगवा अमेरिकेत २००७ पासून परवानगीने विकला जातो. गुण असला तर किरकोळ. बायोटिनच्या गोळ्या शरीरात त्या जीवनसत्त्वाची खरीच कमतरता असेल तर उपयोगी, आणि अशी कमतरता क्वचितच असते. उलट थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांत बायोटिनमुळे चुकीचे आकडे येतात. तपासणीला जाताना प्रयोगशाळेत ते सांगावे.

तेलाचे काय? खोबरेल तेल केसात मुरते आणि धुताना केसातील प्रथिने कमी झिजू देते, हे तपासून पाहिलेले आहे. म्हणजे आहे तो केस तुटत नाही. पण ते काम केसाच्या दोरीचे, मुळाचे नव्हे. माका, आवळा, जास्वंद, वडाच्या पारंब्या घालून उकळलेली तेले आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या आहेत. ती लावावीत, डोके शांत वाटते, केसांना तजेला येतो. गेलेले टक्कल भरून येईल या आशेने मात्र कोणी हजार रुपयांची बाटली घेऊ नये.

रोपणाचा सौदा

ज्यांचे कपाळ मागे सरकून गेले आहे त्यांना औषधाने ते परत मिळत नाही. तेथे शस्त्रक्रियाच. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये डोक्यामागची कातडी केसांसह पुढे लावून पाहिली आणि एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. मागचा केस पुढे नेला तरी आपला स्वभाव सोडत नाही. तो तेथेही टिकतो. आजचे सारे रोपण याच तत्त्वावर उभे आहे. जपानचे डॉ. ओकुदा यांनी १९३९ मध्येच असे प्रयोग प्रसिद्ध केले होते, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते जगाला कळले नाहीत.

आज दोन पद्धती आहेत. एकीत मागून कातडीची लांब पट्टी काढून तिच्यातील मुळे सुटी करतात, मागे एक रेषेसारखा व्रण राहतो. दुसरीत सुमारे एक मिलिमीटरच्या पोकळ सुईने एकेक मूळ उचलतात, बारीक ठिपके राहतात. केस अगदी बारीक ठेवणाऱ्याला दुसरी बरी. एका मुळात, ज्याला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात, एक ते चार केस असतात. लावलेले केस महिनाभरात गळून पडतात, त्याने घाबरू नये. मूळ आत जिवंत असते. तीन-चार महिन्यांनी नवा केस दिसतो आणि पूर्ण चित्र वर्षभराने.

येथे व्यापाऱ्याने एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. रोपणाने नवा केस निर्माण होत नाही, एका गोदामातला माल दुसऱ्या गोदामात जातो, एवढेच. आणि मागचे गोदाम मर्यादित आहे. सर्वसाधारण माणसाच्या मागच्या भागातून आयुष्यभरात सुरक्षितपणे सहा हजारांच्या आसपासच ग्राफ्ट काढता येतात. पंचविशीतल्या मुलाने घाईने तीन हजार पुढे लावून घेतले आणि पुढच्या दहा वर्षांत मधले स्वतःचे केस गेले, तर पुढे एक बेट आणि मागे माळरान असा प्रकार होतो. भरायला माल उरत नाही. म्हणून चांगला डॉक्टर तरुण मुलाला आधी औषधावर ठेवतो, वाट पाहायला लावतो. जो पहिल्याच भेटीत तारीख देतो त्याच्याकडून उठून यावे. रोपणानंतरही जुने केस टिकवायला औषध चालूच ठेवावे लागते, हा खर्च जाहिरातीत कोणी सांगत नाही.

जिवाचाही प्रश्न आहे. २०१९ मध्ये मुंबईतील एका व्यापाऱ्याचा रोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत तासन् तास नऊ हजारांहून अधिक केस लावून घेतल्याचे आणि नंतर चेहरा-घशाला सूज येऊन श्वास अडल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. भूल कमी मात्रेची असली तरी ती औषधच आहे. तिची मात्रा तासागणिक वाढत जाते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावे, नुसती कार्यशाळा किंवा चित्रफीत पाहून शिकलेल्याने नव्हे, आणि मदतनीसांनी त्याच्या देखरेखीखालीच हात लावावा, असा त्यांचा आशय आहे. तेव्हा जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. चीर कोण देणार? त्याचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? श्वास अडला तर प्राणवायू आणि औषधे याच खोलीत आहेत का? आणि एका बैठकीत किती ग्राफ्ट? शेवटच्या प्रश्नाला 'जितके हवे तितके' असे उत्तर आले तर पुढे बोलूच नये.

दर ग्राफ्टमागे लावतात. समजा ४० रुपये दर आणि अडीच हजार ग्राफ्ट, तर एक लाख. पण 'ग्राफ्ट' आणि 'केस' यांत घोटाळा करून दर सांगणारे आहेत. पाच हजार केस म्हणजे कदाचित अडीच हजारच ग्राफ्ट. हे लेखी घ्यावे. रुग्णसेवेला जीएसटीची माफी आहे, पण केसरोपणाला ती लागू नाही, तेव्हा कर धरून पक्के बिल मागावे. वैद्यकीय विमाही अशा खर्चाला बहुधा पैसे देत नाही. स्वस्तात होते म्हणून इस्तंबूलला जाणारेही पुष्कळ आहेत. तेथे उत्तम डॉक्टर आहेत आणि डॉक्टरशिवाय चालणारे कारखानेही आहेत. शिवाय घरी परतल्यावर जखम पिकली तर टाके पाहायला तो डॉक्टर येथे येणार नाही.

रोपण जायज आहे का, असे अनेक जण विचारतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजया येथील अधिवेशनात, गळालेल्या केसांच्या जागी रोपण करण्यास व्यंग दूर करण्याचा इलाज म्हणून मुभा दिली आहे. दुसऱ्याचे केस जोडण्याची बाब निराळी, ती हदीसने निषिद्ध आहे. हनफी फुकहांनी माणसाचे केस सोडून इतर केसांच्या टोपाला काही सवलत दिली आहे. कोकणातील आपले बांधव बहुतांशी शाफई आहेत, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. सध्या सलूनमध्ये चिकटवून मिळणारा केसांचा 'पॅच' घेणाऱ्याने तर हे आधीच विचारावे, कारण तो तीन-चार आठवडे डोक्याला डकवलेलाच असतो आणि गुसलचे पाणी त्याखालच्या कातडीला लागत नाही. दर महिन्याला तो काढून, धुऊन पुन्हा बसवण्याचा खर्चही आहेच.

विकणाऱ्यांसाठी

घरगुती तेल बनवून विकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. विक्रीसाठी केसांचे तेल बनवायला परवाना लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. लेबलवर काय छापायचे याची मात्र फारशी कोणी चौकशी करत नाही. 'केस मऊ होतात, चमकतात' असे लिहिले तोवर ते सौंदर्यप्रसाधन. 'टक्कल जाते, नवे केस उगवतात' असे लिहिले की तो औषधाचा दावा झाला. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची 'जे' मध्ये, औषधाने जे बरे करण्याचा दावा करू नये अशा गोष्टींची यादी आहे. टक्कल आणि नवे केस उगवणे ही दोन्ही नावे त्या यादीत आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीबद्दल पहिल्याच वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. छापखान्यात लेबल टाकण्यापूर्वी एवढे पाहावे. दुसऱ्याचे तेल विकणाऱ्याने बाटलीवर परवाना क्रमांक आणि घटकांची यादी आहे की नाही ते बघून घ्यावे. आठवड्यात केस आणणारे तेल कोणी गळ्यात मारत असेल तर त्यात काय मिसळले आहे, हा प्रश्न आधी पडला पाहिजे.

सचोटीने विकण्यासारखेही पुष्कळ आहे. विरळ केसांवर भुरभुरण्याची केराटिनच्या बारीक तंतूंची भुकटी मिळते. ती टाळू झाकते, धुतली की जाते, आणि ती झाकण्यासाठीच आहे हे सांगूनच विकता येते. सलूनवाल्याच्या हातात तर सर्वांत स्वस्त इलाज आहे. विरळ केस लांब ठेवून एका बाजूने दुसरीकडे फिरवले की टक्कल अधिक उठून दिसते. चारही बाजूंनी बारीक कापले आणि दाढी नीट राखली की फरक दिसेनासा होतो.

मालेगावच्या त्या मुलाला चाचांनी हेच केले. मशीन फिरवता फिरवता ते म्हणाले, "बेटा, आधी सिव्हिलला दाखव, मग पैसे खर्च कर." तो दुसऱ्या दिवशी गेला. निदान वारशाच्या टक्कलाचेच निघाले, लोह मात्र ठीक होते. डॉक्टरांनी द्रावण लिहून दिले. गोळी आताच नको, निकाहनंतर पाहू, असे त्याने स्वतःच ठरवले. खिडकीजवळ, त्याच उजेडात, टाळूचा एक फोटो त्याने चाचांकडून काढून घेतला आहे. दुसरा सहा महिन्यांनी काढायचा आहे.